धावपट्टीकडेचा बंब

अल नहदा नावाच्या वस्त्या दोन. एक दुबईत, दुसरी शारजात, आणि दोघी एकमेकींना अगदी खेटून. मुलुंडचा माणूस जसा चेकनाका ओलांडला की ठाण्यात, तसे आम्ही नहदाकर रस्ता ओलांडला की दुसऱ्या अमिरातीत. घर शारजात, नोकरी दुबईत, आणि उरलेलं आयुष्य या दोहोंमधल्या ट्रॅफिकमध्ये. ‘नहदा’ या अरबी शब्दाचा अर्थ उत्थान, पुन्हा उठून उभं राहणं. अर्थ कळल्यावर बरं वाटलं खरं, पण त्यामुळे घरभाडं काही कमी झालं नाही!

दुबईचा विमानतळ इथून जवळ. गावाकडून पाहुणे आले की आम्ही त्यांना गच्चीवरून विमानं दाखवतो. पण आज ज्या वाहनाविषयी लिहायचं आहे ते उडत नाही. ते धावपट्टीच्या कडेला उभं असतं, आणि आपल्यावर धावायची वेळ येऊ नये एवढीच त्याची इच्छा असते. विमानतळावरचा आगीचा बंब. त्यातही लष्करी, जुना, आता जगात मोजकेच उरलेले बंब, आणि त्यांचा जीर्णोद्धार.

बंब हा शब्द आपल्या मराठीने कसा वापरलाय बघा. न्हाणीघरातला तांब्याचा बंब पोटात आग ठेवून पाणी तापवतो, आणि रस्त्यावरचा बंब पोटात पाणी ठेवून आग विझवतो. विमानतळावरचा बंब आणखी निराळा. विमानाचं इंधन पेटलं की नुसत्या पाण्याने भागत नाही. तेल पाण्यावर तरंगतं आणि तरंगत तरंगत जळत राहतं. म्हणून पाण्यात औषध मिसळून फेस करायचा आणि त्याची गोधडी इंधनावर पांघरायची. हवा तुटली की आग गुदमरते. पूर्वी हे औषध जनावरांच्या खूर-शिंगांतल्या प्रथिनांपासून करत. त्याचा वास काय असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता हे सगळं शारजात बसून का आठवावं? तर आमच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर अल महत्ता म्युझियम आहे. ‘महत्ता’ म्हणजे स्टेशन. १९३२ साली शारजाच्या शेखांशी करार करून इम्पीरियल एअरवेजने इथे विमानतळ सुरू केला. लंडनहून हिंदुस्थानाकडे जाणारी विमानं इथे मुक्कामाला उतरत, आणि उतारूंसाठी किल्ल्यासारखं विश्रामगृह बांधलेलं होतं. पुढचा टप्पा ग्वादर, मग कराची. म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या हवाई टपालाची ही वाटच म्हणायची. दुसऱ्या महायुद्धात इथे ब्रिटिश हवाई दलाचा, म्हणजे आरएएफचा तळ झाला. १९७१ च्या अखेरीस ब्रिटिश गेले. १९७७ मध्ये शारजाचा विमानतळ शहराबाहेर, आजच्या जागी हलला. जुनी धावपट्टी कुठे गेली म्हणाल, तर तिचा रस्ता झाला. आज ज्याला किंग अब्दुल अझीझ स्ट्रीट म्हणतात तो हाच. आम्ही ज्या रस्त्यावर सिग्नलला वैतागतो, तिथे एके काळी विमानं उतरत होती.

२००० साली या जुन्या विमानतळाचं म्युझियम झालं. ॲव्हरो ॲन्सन, डग्लस डीसी-३ अशी विमानं तिथे नीट राखली आहेत. विमानांचं नशीब तसं चांगलं. त्यांना रूप असतं, नाव असतं, प्रवाशांच्या आठवणी असतात. बंबाला यातलं काही नाही. त्याचं काम झालं असेल तर त्या दिवसाची आठवण कुणाला काढायची नसते, आणि काम पडलंच नसेल तर आठवण राहायचं कारण नाही. त्यामुळे सेवेतून निघाला की तो लिलावात जातो, टाकी काढून त्याचा पाण्याचा टँकर होतो, नाही तर भंगार.

आरएएफच्या ताफ्यात त्या काळी दोन बंब नावाजलेले होते. एक थॉर्निक्रॉफ्ट न्युबियन आणि दुसरा अल्विस सॅलमँडर. सॅलमँडर म्हणजे पालीसारखा दिसणारा प्राणी. तो आगीतून न जळता चालतो अशी युरोपात जुनी समजूत. हा दुसरा बंब १९५० च्या दशकात आला. त्याची सहाही चाकं इंजिनाच्या जोरावर फिरत, म्हणजे विमान धावपट्टी सोडून वाळूत जरी घुसलं तरी मागे जाता येई. सॅलाडिन आणि सॅरासेन या चिलखती गाड्या त्याच्याच घराण्यातल्या. छपरावर फेस फेकणारी तोफ, पोटात आठ सिलिंडरचं, साडेसहा लिटरचं रोल्स-रॉईस बी-८१ पेट्रोल इंजिन. पेट्रोल किती पीत असेल ते विचारू नका.

असा बंब आज गंजलेल्या अवस्थेत हाती आला तर काय करायचं? उत्साही माणूस आधी रंगाचा डबा उघडतो. जाणता माणूस आधी कॅमेरा उघडतो. प्रत्येक नळी, प्रत्येक वायर, प्रत्येक झडप कुठून निघून कुठे जाते याचे फोटो काढायचे, चिठ्ठ्या बांधायच्या, मगच पाना हातात घ्यायचा. एकदा का सगळं सुटं झालं की कुठला नट कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

इंजिनाच्या बाबतीत मात्र नशीब साथ देतं. रोल्स-रॉईसने ही बी मालिका सैन्यासाठीच बांधली होती. चार सिलिंडरचं बी-४०, सहाचं बी-६०, आठाचं बी-८०, आणि त्यांत शक्य तेवढे भाग सारखेच. लढाईत कुठल्याही गाडीचा सुटा भाग कुठल्याही गाडीला बसावा हा हिशेब. तो हिशेब आता हौशी मंडळींच्या कामी येतो. फेरेट या छोट्या चिलखती गाडीतलं बी-६० इंजिन मोडीत निघालं तर त्यातलं बरंचसं सामान इथे उपयोगी पडतं.

गिअरबॉक्सची तऱ्हा वेगळी. आधी हाताने गिअर ठरवून ठेवायचा आणि मग पायाने पेडल दाबलं की तो पडायचा. शिवाय एका बाजूची तिन्ही चाकं एकमेकांना बांधलेली. डांबरी रस्त्यावर फार चालवलं की दांड्यांमध्ये पीळ साठत जातो. वाळूत चाक घसरून तो आपोआप सुटतो, रस्त्यावर सुटत नाही. म्हणून या घराण्यातल्या गाड्यांचे ड्रायव्हर मुद्दाम चाक फुटपाथवर चढवून पीळ सोडवत. हे ठाऊक नसलेल्या माणसाने जीर्णोद्धार करून गाडी हौसेने मिरवणुकीत काढली तर तो ती मोडूनच घरी आणणार.

पंप आणि टाक्यांचं काम सर्वांत किचकट. फेसाच्या औषधाने टाकी आतून खाल्लेली असते. नंतरच्या काळात बंबांमध्ये जे नवं औषध आलं त्यातली फ्लोरिनयुक्त रसायनं निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत. म्हणून जुनी टाकी धुतलेलं पाणी गटारात सोडून चालत नाही. ब्रेक लायनिंग आणि गॅस्केटांमध्ये ॲस्बेस्टॉस, जुन्या रंगात शिसं. तोंडाला नुसता रुमाल बांधून घासायला बसायचं हे काम नव्हे.

आखाताच्या हवेचंही एक आहे. आतल्या वाळवंटात पत्रा वर्षानुवर्षं टिकतो, पण उन्हाने रबराच्या नळ्या बिस्किटासारख्या तुटतात. किनाऱ्यावर, म्हणजे शारजासारख्या ठिकाणी, खारी दमट हवा पत्र्यालाही सोडत नाही. इंग्लंडच्या थंडीसाठी बांधलेलं इंजिन इथल्या उन्हाळ्यात तापतं. सॅरासेनच्या बाबतीत तर वारा मागून ओढून घेणारी उलटी कूलिंग व्यवस्था केलेला खास उष्ण प्रदेशांसाठीचा प्रकार काढावा लागला होता. सुटे भाग मिळत नाहीत तेव्हा ते घडवून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियासारखी जागा नाही. लेथवर बसलेला माणूस नमुना हातात घेऊन फिरवून बघतो, आणि ‘कल आना’ म्हणतो. आपल्याकडच्या आयटीआयमधून फिटर-टर्नर होऊन आखातात आलेल्या कित्येकांचं आयुष्य अशा कामात गेलं आहे. कॉम्प्युटरच्या दिवसांत या हातांची किंमत कळायला असा एखादा जुना बंबच लागतो.

शेवटी रंग. आपल्याकडे शेंदराचं जाड कवच गळून पडल्यावर आतून मूळ सुबक मूर्ती प्रकटल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. लष्करी गाडीचं तसंच असतं. दर काही वर्षांनी वर नवा थर. हलक्या हाताने घासत गेलं तर जुना क्रमांक आणि जुन्या तळाची खूण सापडू शकते. उलट, जीर्णोद्धाराच्या नावाखाली दगडी देवळाला ऑइलपेंट फासलेलंही आपण पाहिलं आहे. बंबाला चकचकीत लाल रंग देऊन पंप तसाच बंद ठेवला, तर तो जीर्णोद्धार ऑइलपेंटच्या जातीचा. आमच्या मते बंब नीट झाला हे एकाच परीक्षेवर ठरावं. तो पाणी फेकतो का?

कुणी म्हणेल, हे सगळं कशासाठी? एवढ्या खर्चात नवी गाडी येईल. येईल ना. पण आम्ही नहदाकरांना आग ही गोष्टीतली गोष्ट नाही. ५ मे २०२० च्या रात्री शारजाच्या अल नहदात ४८ मजली टॉवर बाहेरून पेटला. सुदैवाने कुणी दगावलं नाही. ४ एप्रिल २०२४ च्या रात्री याच वस्तीत दुसऱ्या एका इमारतीला आग लागली आणि पाच माणसं गेली. आणि ३ ऑगस्ट २०१६ ला तिरुवनंतपुरमहून आलेलं एमिरेट्सचं विमान दुबईच्या धावपट्टीवर आदळून पेटलं. आतली तीनशेच्या तीनशे माणसं बाहेर पडली, त्यांत आपले भारतीय बहुसंख्य. पण थोड्याच मिनिटांत टाकीचा स्फोट झाला आणि जासिम इस्सा अल बलूशी हा अग्निशामक जवान गेला.

विमानतळावरच्या बंबाला धावपट्टीच्या टोकापर्यंत पोहोचायला आंतरराष्ट्रीय नियमाने तीन मिनिटं मिळतात. त्या तीन मिनिटांसाठी माणसं वर्षानुवर्षं बूट तयार ठेवून बसतात. विमान जपलं तर प्रवासाचा इतिहास राहतो. बंब जपला तर त्या बसून राहण्याचा इतिहास राहतो. केबिनच्या उंच पायरीवर पाय ठेवून बघितल्याशिवाय अंगावर जाड कपडे घालून ती धावत चढणं म्हणजे काय, हे पुस्तकातून कळत नाही.

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला आपल्या देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. त्या दिवशी आंबेडकर जयंतीही असते, तेव्हा मंडळी एकत्र जमतातच. मग पुढचा सुट्टीचा वार बघून मुलांना घेऊन अल महत्ताला जावं. विमानं ती आपली आपण बघतीलच. त्यांना एवढंच विचारावं, धावपट्टी इथून अशी गेली होती, तर बंब कुठे उभा असेल?