शेवटच्या संघामागून

(मागील भागात आमच्या शाळेच्या स्काऊट पथकाच्या संघस्पर्धेची आखणी झाली. चार संघ, प्रत्येकी सात मुलं, दोन दिवसांचा हाइक, मध्ये एक मुक्काम. मार्ग : पन्हाळगड ते पावनखिंड.)

रविवार. मुलुंड – बोरिवली – कान्हेरी

राष्ट्रीय उद्यान आमच्या मुलुंडच्या पाठीला लागूनच आहे. वर्गाच्या खिडकीतून डोंगर दिसतो. मग इतक्या लांब पन्हाळ्याला कशाला, असं दोन पालकांनी विचारलं. उत्तर सोपं आहे. उद्यान बिबट्यांचं घर आहे आणि रात्र त्यांची. मुलांना घेऊन तिथे अंधारात फिरायचं नाही. सराव मात्र दिवसाउजेडी करता येतो. सकाळी बसने बोरिवली, आणि मुख्य दरवाजापासून कान्हेरीपर्यंतचा डांबरी रस्ता पाठीवर पूर्ण ओझं घेऊन पायी.

पाऊस मनासारखा पडत होता. कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत आणि बहुतेक लेण्यांच्या दाराशी पाण्याची पोढी आहे. कातळात खोदलेल्या बारीक पन्हळींतून पाणी पोढीत उतरतं. मुलांना मी तेवढंच पाहायला सांगितलं : पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे साठतं. दोन हजार वर्षांपूर्वी इथे तीन महिने पावसात बसणाऱ्या भिक्षूंनी पावसाचा अभ्यास केला होता. आपणही तेच करायला आलोय.

मग खरा सराव. कातळावरून पाणी पडत होतं तिथे प्रत्येकाने आपली सॅक पाच मिनिटं धरायची, मग उघडायची आणि आतला कोरडा जोड दाखवायचा. अठ्ठावीसपैकी अकरा जणांचा जोड कोरडा निघाला. बाकीच्यांनी सॅकवर कव्हर घातलं होतं, पण पाणी पाठीच्या बाजूने आत उतरतं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. घार संघाच्या संघनायकाने सगळ्यांना पुन्हा बांधायला लावलं. कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत, हवा दाबून बाहेर, तोंडाला पीळ, पीळ दुमडून त्यावर दोरी, आणि ते सगळं दुसऱ्या पिशवीत. तो आहे चौदा वर्षांचा, नववीत. बोलतो कमी. एकाची पिशवी त्याने तीनदा सोडायला लावली. तो मुलगा बारा वर्षांचा, संघातला सर्वांत धाकटा आणि गाठी मारण्यात पथकात पहिला. डोळे मिटून बोलाइन मारतो. त्याला स्वतःच्या पिशवीची गाठ पुन्हा मारायला सांगणं हा मोठाच अपमान वाटला. रुसला, पण बांधली.

शुक्रवार रात्र. बसमध्ये

नऊला मुलुंड सोडलं. ठाण्यापासून पुढे काचेवर पाण्याचे नुसते लोट.

मुलं झोपल्यावर आम्ही तिघे शिक्षक गुणपत्रक घेऊन बसलो. साहित्यतपासणी २०, प्रथमोपचार २०, स्वयंपाक २०, वेळ ४०. वेळेला इतके गुण नकोत, असं मी आधीही म्हटलं होतं, आजही म्हटलं. इंग्लंडात डर्बीशरच्या डोंगराळ माळांवर रोव्हर स्काऊटांची अशीच संघांची चाल दरवर्षी व्हायची, साठ किलोमीटरांहून लांब, रात्र धरून. मार्च १९६४ मध्ये त्या चालीत पाऊस आणि वाऱ्याने गाठलं आणि विशीच्या आसपासचे तीन तरुण थंडीने गारठून दगावले. धडधाकट, तयारीची पोरं. त्यानंतरच त्या भागातल्या बचाव पथकांची एकत्र संघटना उभी राहिली. माझ्या सोबत्यांचं म्हणणं, ते थंड देश, आपल्याकडे बर्फ कुठे आहे? पण त्यांनाही गाठलं ते पाऊस आणि वाऱ्यानेच. ओलं अंग आणि वारा, एवढं पुरतं. आषाढात आमच्या वाटेवरच्या मसाईच्या पठारावर दोन्ही भरपूर असतात.

वेळेचे गुण ४०च राहिले. स्पर्धेत चुरस हवी, हे म्हणणंही मला अगदी चुकीचं वाटत नाही. चुरस नसती तर यातली निम्मी मुलं आलीच नसती.

शनिवार. पन्हाळगड – खोतवाडी

पहाटे वाघबिळाच्या वळणावर जाग आली. गडावर धुकं इतकं की शिवा काशीद यांचा पुतळा दहा पावलांवर येईपर्यंत दिसला नाही.

साडेसातला राजदिंडीतून पहिला संघ उतरला. मग दर वीस मिनिटांनी एकेक. चिठ्ठीत घार संघाचा क्रमांक शेवटचा आला आणि त्यांच्या मागे चालायचं काम माझ्याकडे. नियम असा की मागच्या शिक्षकाने बोलायचं नाही. वाट चुकली तरी नाही. कुणाच्या जिवाला धोका वाटला तरच शिटी वाजवायची आणि मग त्या संघाची स्पर्धा संपली.

तुरुकवाडी, म्हाळुंगे झपाट्याने मागे पडली. मुलं गात होती. चढ संपून मसाई पठारावर पाय ठेवला आणि गाणं थांबलं. तिथे आडोसा म्हणून काही नाही. पाऊस वरून पडत नव्हता, डावीकडून येत होता. छत्र्या आम्ही आणल्याच नव्हत्या, आणि असत्या तरी टिकल्या नसत्या. संघनायकाने होकायंत्र काढलं, दिशा धरली आणि दर दहा मिनिटांनी मोजणी घ्यायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. धुक्यात पुढचा दिसत नव्हता, आवाज येत होता. मी मागून तो आकडा ऐकत चाललो होतो आणि मला त्या मोजणीचा फार आधार वाटला.

मसाईदेवीच्या देवळाच्या पुढे कुठेतरी ‘पाच’ उशिरा आला. पुढच्या खेपेला आणखी उशिरा.

पाच म्हणजे धाकटा. कुंभारवाडीच्या उतारावर तो दोनदा घसरला, उठला आणि पुन्हा चालू लागला, तक्रार न करता. मला ते आवडलं नाही. सकाळपासून तो प्रत्येक गोष्टीवर तक्रार करत होता. संघनायकाने सर्वांना चिक्की वाटली. धाकट्याला वेष्टन फाडता येईना. दातांनी ओढून पाहिलं, मग चिक्की तशीच खिशात घातली. माझी शिटी तोंडात होती. साडेचार वाजत आले होते, खोतवाडीची कौलं खाली दिसत होती. आंबेवाडीचा मुक्काम सहाच्या आत गाठायचा होता.

तेवढ्यात संघनायक मागे वळला. त्याने धाकट्याच्या हातात दोरीचा तुकडा दिला. “रीफ नॉट मार.”

उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर. पहिल्या सोपानाची गाठ. मी त्या मुलाची बोटं पाहत होतो. पांढरी पडली होती, टोकाशी सुरकुतलेली. त्याने उजवं डाव्यावर घेतलं. मग थांबला. मग पुन्हा उजवंच डाव्यावर घेतलं आणि ओढलं. संघनायकाने दोन्ही टोकं हलकेच ताणली तशी गाठ सरकली आणि सुटली. धाकटा त्याच्याकडे बघून हसला. ते हसू काही बरोबर नव्हतं.

“थांबायचं,” संघनायक म्हणाला.

“अरे, थोडंच राहिलंय. थांबलो तर वेळेचे चाळीस गुण गेले.”

“गेले.”

मी शिटी खिशात टाकली.

पहिल्याच घरात त्यांनी विचारलं. दारातल्या मावशींनी मुलांकडे पाहिलं आणि माझ्यावर आवाज चढवला, “आवो मास्तर, बघताय काय? पोरांस्नी आत घ्या की! चिंब झाल्यात.” पुढचं सगळं मुलांनी केलं. धाकट्याचे ओले कपडे काढले, अंग टिपलं. त्याची पिशवी उघडली. दोरी, दुमड, पीळ, आतली पिशवी. जोड कोरडा ठणठणीत. त्यावर मावशींची घोंगडी. मावशी त्याला चुलीला अगदी चिकटून बसा म्हणत होत्या. संघनायकाने नम्रपणे सांगितलं की एकदम आच नको, आणि हातपाय चोळायचेही नाहीत, सावकाश ऊब येऊ दे. नीट गिळता येतंय हे पाहून गूळ घातलेला चहा घोट घोट दिला. दोघे त्याला दोन्ही बाजूंनी टेकून बसले.

पाऊण तासाने त्याने विचारलं, “आपण कितवे?”

फोनला रेंज नव्हती. संघनायकाने वहीचं पान फाडून लिहिलं : “घार. ४.४०, खोतवाडी. थांबलो. सात हजर, एक गारठलेला, आता बरा. मुक्काम इथेच.” मावशींच्या घरचं दूध घेऊन संकलनाला निघालेल्या माणसाने ते पान खिशात घातलं आणि रेंज मिळाल्यावर आंबेवाडीतल्या आमच्या सोबत्यांना वाचून दाखवलं.

रात्री भाकरी, पिठलं, कांदा. मुलं पत्र्याखाली रांगेत झोपली. मला झोप येईना. इथूनच, याच डोंगरांतून, जुलै १६६० मधल्या आषाढ पौर्णिमेच्या रात्री महाराजांची पालखी गेली. सहाशे माणसं सोबत, मागे सिद्दी जौहरचा वेढा, चंद्र ढगांत. बाजीप्रभूंनी खिंड कशी लढवली ते सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र आज वाट आधी पाहून ठेवणारे हेर आठवत राहिले. कुठला ओढा किती चढतो, कुठे चिखलात पाय रुततो, कुठल्या वाडीत कोण आपलं आहे, हे कुणीतरी आधी पावसात फिरून बघितलं असणार. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. आपण स्काऊटला पूर्वी ‘बालवीर’ म्हणायचो. शब्द गोड आहे, पण स्काऊट म्हणजे मुळात हेर. बघणारा. आज एका मुलाने दुसऱ्याची बोटं बघितली.

रविवार. खोतवाडी – पावनखिंड

पहाटे साडेचारला बाकीचे तीन संघ आंबेवाडीहून निघाले असतील. आमची मुलं सहाला उठली. धाकटा सर्वांत आधी. त्याच्या सगळ्या तक्रारी परत आल्या होत्या : पत्र्याचा आवाज, घोंगडीची खाज, मोजे. फार बरं वाटलं.

मावशी पैसे घेईनात. “जेवल्याचं पैसं घ्यायला हे काय हाटेल हाय?” त्यांच्या वावरात आज रोपलावण होती, चार बाया आल्या होत्या. संघनायकाने मुलांना एका कोपऱ्यात नेलं, दोन मिनिटांनी येऊन मला म्हणाला, “सर, वेळेचे गुण तर गेलेत. तासभर शेतात उतरतो.”

इरली पांघरलेल्या बाया वाकून झपझप सरकत होत्या. आमची सात जणं पोटऱ्यांपर्यंत चिखलगुठ्ठ्यात. तरव्याच्या मुठी पोचवणं त्यांना जमलं. लावायला घेतलं तेव्हा ओळी अशा वाकड्या आल्या की मावशी मागून उपटून पुन्हा लावत येत होत्या, आणि हसत होत्या. धाकट्याला मात्र तीन बोटांनी रोप खोचायची ढब लगेच साधली. त्याची ओळ मावशींनी तशीच ठेवली.

साडेसातला निघालो. मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी. एक शिक्षक वाट बघत थांबले होते. त्यांनी आधी धाकट्याचे हात हातात घेऊन पाहिले, मग वेळ लिहिली. त्यापुढचा दिवस नुसता चालण्याचा. चिखल, ओढा, वाडी, पुन्हा चिखल. एका फुगलेल्या ओढ्याशी पाणी उतरेपर्यंत पाऊण तास बसलो. धाकटा आता मोजणीत ‘दोन’ होता, संघनायकाच्या लगेच मागे.

पावनखिंडीवर पोचेपर्यंत उजेड गेला. लोखंडी शिडीवरून खाली उतरायची वेळ टळली होती. मी नको म्हणायच्या आधी संघनायकच नको म्हणाला. आम्ही वरच उभे राहिलो. खाली पाण्याचा प्रचंड आवाज होता, दिसत काहीच नव्हतं. दोन वर्षं ज्या खिंडीबद्दल वर्गात ऐकलं ती न बघता परतायचं, म्हणून एक मुलगा रडला. त्याला कुणी गप्प केलं नाही.

गुरुवार. मुलुंड

शाळा सुटल्यावर मानसभा. चारही संघनायक, तिघे शिक्षक आणि गुणपत्रक. चित्ता संघ पहिला आला होता, घार शेवटचा. मी म्हटलं, थांबण्याच्या निर्णयाला गुण द्यायला हवेत. चित्त्याचा संघनायकही द्या म्हणाला. घारीचा नको म्हणाला. “आम्ही शेवटचे आलो सर, तसंच लिहा. कागदावर तो रकानाच नव्हता. आम्हाला माहीत होतं.”

तसंच लिहिलं. मग त्याने स्वतःच पट्टी मागितली आणि पुढच्या वर्षीच्या कोऱ्या गुणपत्रकावर वेळेच्या शेजारी एक रकाना आखला. वेळेचे वीस गुण कापून त्यात घालायचे, यावर चौघांचं लगेच एकमत झालं. रकान्याला नाव काय द्यायचं, यावर मात्र शिपाईकाका किल्ल्या वाजवत दारात येईपर्यंत भांडण चाललं होतं.