काळी पाचमधला गंधार

पुढचा वरचा दात काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, कवळी लावून वाजवाल. वाजतंही. पण वरातीत तार षड्ज खेचून गच्चीवरच्या बायकांना कठड्यावरून वाकायला लावणं आता जमत नाही. खरं सांगायचं तर इतकी वर्षं ट्रंपेट फुंकला तो त्या वाकून बघण्यासाठीच.

आता हळू वाजवतो. भाचा सिंथवर लांबलचक सूर धरून ठेवतो. ठेका नाही, मुखडा नाही. बुऱ्हाणपुरात शेजारचे यंत्रमाग थांबले की मगच रेकॉर्डिंग. अल्बमची सुरुवात भूपानं, सा काळी पाच. तिथेच गंधारानं छळ मांडला.

एकही पिस्टन न दाबता ट्रंपेटमधून जो गंधार निघतो तो नळीचा स्वतःचा, तंबोऱ्यात आपोआप ऐकू येतो तोच. सिंथचा त्याहून 14 सेंट चढा. ताशाच्या कल्लोळात कुणाला कळतंय! पण इथे दोघं एकत्र लांबवले की सेकंदाला चार-पाच हेलकावे. ओठ आवळून मी सिंथपर्यंत चढायचो. हेलकावे जायचे, भूपही जायचा. मे महिन्यात नळीतली हवा तापून सगळा ट्रंपेटच चढतो. स्लाइड ओढून सा खाली आणता येतो, गंधाराचा हट्ट तसाच.

जॉन हॅसल या अमेरिकन ट्रंपेटवाल्यानं पंडित प्राणनाथांकडे किराणा घराण्याची तालीम घेतली, गळ्यातली मींड ओठांवर आणली. ब्रायन ईनोबरोबरचा त्याचा 1980चा अल्बम भाच्यानं ऐकवला तेव्हा आधी मत्सरच वाटला. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब राहिले मिरजेत, आणि हे करून दाखवावं मेम्फिसच्या माणसानं! चरणजीत सिंगांनी 1982 मध्ये दहा राग सिंथवर वाजवले, तेही डिस्कोच्या ठेक्यावर. छाती मोठी, पण माझ्या कानाला तिथेही गंधार टोचतो. डीजेवाल्यांविषयी बोलतच नाही. त्यांचा ट्रंपेट बटणातून निघतो, उन्हातही तापत नाही.

शेवटी भाच्यानं सिंथमधला तेवढा एकच स्वर खाली ओढला. हेलकावे थांबले. ‘माझाच बरोबर होता’ हे मी घरात सगळ्यांना ऐकवलं, विचारलेलं नसताना.

आता धैवत. पहिला-दुसरा पिस्टन दाबून घेतला तर चढा लागतो, नुसत्या तिसऱ्यावर जागेवर बसतो. भाचा म्हणतो, मामा, मग तिसऱ्यावरच घ्या ना. त्याला काय, त्याची अनामिका अजून आखडत नाही.