भरतीनं बसवलेला दिवस

गेल्या दिवाळीत बहिणीच्या पोरानं मोबाईलवर एक गाडी दाखवली. आत पलंग, ओटा, नळ, संडास, सगळं. वर गुंडाळून ठेवता येणारं छत. 2021 साली आपल्या सरकारनं अशा गाड्यांसाठी कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलंय, ही माहितीही त्यानंच पुरवली. आईनं चष्मा नीट करून बघितलं आणि म्हणाली, "यात नवं काय हाय? आपन न्हवतो का ऱ्हायलो टेम्पोत, आलिबागला?"

सगळे हसले. मला मात्र एकदम कांद्याचा वास आला.

आमच्या खर्ड्याच्या भागात बिऱ्हाड गाडीवर चढतं ते पोटासाठी. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली माणसं कोयते, पातेली, कोंबड्या आणि पोरं गाडीत घालून ऊसतोडीला निघतात. पट्टा पडेपर्यंत कोपीत राहतात. त्यामुळं 'गाडीत राहायला जाऊ' असं कुणी हौसेनं म्हणेल, हे आमच्याकडं कुणाला खरं वाटायचं नाही. आम्हीही गेलो ते भाडं होतं म्हणूनच.

आण्णांकडं टाटा 407 टेम्पो होता. हप्त्यावर घेतलेला. 1996 च्या मे महिन्यात त्यांना अलिबागचं कांद्याचं भाडं मिळालं. कोकणात पावसाळ्याआधी चार महिन्यांची बेगमी करून ठेवतात, तिकडं तिला आगोट म्हणतात. त्या आगोटीसाठी आपल्याकडचा कांदा जायचा. माझी सातवीची परीक्षा होऊन गेली होती, बहीण सहा वर्षांची. आण्णा एरवी एकटेच जायचे. त्या वेळी का कोण जाणे, म्हणाले, "चला समदीच. समुद्र बघून या."

आईनं आधी नाहीच म्हटलं. मग शेजारी शेळ्या सोपवल्या, दशम्या केल्या, ठेचा कुटला. स्टोव्ह, दोन पातेली, वाकळा, पाण्याचा ड्रम असं सगळं केबिनच्या मागं दोरीनं आवळलं. जामखेड, आष्टी, कडा, नगर, पुणं असं करत खंडाळ्याचा घाट उतरलो. पहिली रात्र पेणच्या अलीकडं एका पंपाजवळ काढली. आई-आण्णा टेम्पोच्या बाजूला वाकळ टाकून झोपले, आम्ही दोघं केबिनमध्ये. हवा अशी दमट, की अंगावरचा सदराही कुणीतरी ओला करून दिल्यासारखा.

सकाळी अलिबागला पोती उतरवली. बाजारात बघतो तर जिथं तिथं पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या. आई हबकलीच. "आवो, हितं तर कांदाच कांदा! आपला कोन घेनार?" त्या पांढऱ्या कांद्याला पुढं 2022 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आमच्या लाल कांद्यालाही गिऱ्हाईक होतं. पोतं फुटून सांडलेले चार-पाच किलो कांदे आईनं पदरात भरले आणि एका बाईला देऊन पांढऱ्याची एक माळ घेतली. तो तिच्या आयुष्यातला पहिला परमुलखातला व्यवहार.

परतीचं भाडं होतं सुकी मासळी. गळ्यात तुळशीमाळ घातलेले आण्णा मासळी आणणार म्हणून आईनं आधीच नाक मुरडलं होतं. पण माल एक दिवस उशिरा येणार असं कळलं, आणि आण्णांचा चेहरा उतरला. रिकामा दिवस म्हणजे अंगावरचा खर्च. त्या रात्री किनाऱ्याजवळ झाडाखाली टेम्पो लावला. हौद्यात ताडपत्री अंथरली, तिच्याखाली कांद्याचा पाचोळा चुरचुरायचा. पौर्णिमा होती. फाळका खाली पाडून आई पाय सोडून बसली आणि कितीतरी वेळ नुसती पाण्याकडं बघत राहिली. 72 च्या दुष्काळात बारा वर्षांची असताना तिनं दुष्काळी कामावर खडी फोडलेली, सुकडी खाऊन दिवस काढलेले. आमच्या घरच्या विहिरीचा तळ चैत्रातच दिसायचा. ती एवढंच म्हणाली, "एवढं पानी आन् घोटभर प्यायला न्हाई."

पहाटे जाग आली तर समुद्र मागं सरकला होता. किल्ल्यापर्यंत ओली वाळू आणि खडक उघडे पडलेले. लोक चालत निघाले होते. आण्णा म्हणाले, "चला, नऊपतुर येऊ म्हागारी. मग यापाऱ्याला भेटायचंय." चपला हातात घेऊन आम्ही निघालो. बहीण आण्णांच्या खांद्यावर. किलोमीटर-दीड किलोमीटरची ती वाट. पायाखाली शिंपले टोचायचे, मधेच घोट्याएवढं पाणी लागायचं.

कुलाबा किल्ला म्हणजे खडकावरचं एक बेटच. शिवाजी महाराजांनी 1680 साली त्याचं काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं, पुढं कान्होजी आंग्र्यांनी तिथून दर्यावर हुकमत चालवली. आम्ही खर्ड्याची पोरं किल्ल्याला नवखी नव्हतो. आमच्या गावात निंबाळकरांचा किल्ला आहे, 1795 साली मराठ्यांनी निजामाला हरवलं ते आमच्याच रानात. पण आमचा किल्ला कोरड्या माळावर उभा. इथल्या तटाचे मोठाले दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले. लाट फटीत शिरते, तिचा जोर मोडतो आणि ती परत जाते. आण्णांनी त्या फटीत बोटं घालून बघितली. त्यांना असल्या गोष्टींचं फार.

आत राघोजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. दर्शन झालं, तोफा बघून झाल्या. आण्णांनी घड्याळ बघितलं आणि आम्ही दरवाज्याशी आलो, तर वाट गायब. जिथून चालत आलो तिथं पाणी हेलकावत होतं. आण्णा कमरेपर्यंत आत शिरले आणि मागं फिरले. देवळापाशी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हसत सांगितलं, की पौर्णिमेचं उधाण आहे, दुपारी बारा-एकपर्यंत पाणी चढणार, मग उतरायला लागणार. चार-पाच वाजल्याशिवाय वाट नाही. आमच्याकडं पौर्णिमा म्हणजे सत्यनारायण, इथं तिच्यावर पाण्याचं घड्याळ चालायचं.

आण्णा आधी चिडले. एकदा या बुरुजावर जा, एकदा त्या. मला आठवतंय तेव्हापासून ते दिवसाढवळ्या कधी बसलेले बघितले नव्हते. टेम्पो नसला की रान, रान नसलं की टेम्पोखाली पाना घेऊन आडवे. आईचंही तेच. आता दोघांच्याही हाताला काही काम नव्हतं. सरपण नाही, शेण नाही, गिऱ्हाईक नाही. चिंचोळ्या सावलीत दोघं बसली. आईनं फडक्यातल्या दशम्या सोडल्या, आण्णांनी पांढरा कांदा बुक्कीनं फोडला. तो गोडसर लागला. बहीण म्हणाली, "ह्यो कांदा रडवत न्हाई." आण्णा हसले. मग खूप वेळ कुणी काही बोललं नाही.

पाणी आणायला मी विहिरीवर गेलो. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. तांब्या घेऊन परत येताना आण्णांचा आवाज ऐकू आला, म्हणून भिंतीआड थांबलो.

"तीन हप्ते थकल्यात. गाडी वढून न्हेतेल. म्हनलं, इहिरीखालचं दीड एकर इकावं."

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कवाधरनं थकल्यात?"

"संक्रांतीपसनं."

"आन् आज सांगताय?"

"घरी कुडं सवड गावती सांगायला?"

हे खरंच होतं. रात्री उशिरा येणारा माणूस आणि पहाटे उठणारी बाई. त्या दोघांना चार तास एका जागी आमच्या गावानं कधी बसूच दिलं नव्हतं. आता उठून जायला वाटच नव्हती.

मी पुढं झालो. आईनं तांब्या घेतला, घोट घेतला आणि परत बघितला. "गोड हाय की!" मग तांब्या आण्णांच्या हातात देत म्हणाली, "चहूकडनं खारट, आन् ह्ये गोड ऱ्हायलंय. आपली इहीर इकायची न्हाई. गाडी जाऊ द्या."

"गाडीवर चार पैसं येत्यात."

"येत्यात आन् हप्त्यात जात्यात. इहिरीला हप्ता न्हाई."

आण्णांनी ते पाणी सगळं पिऊन टाकलं. होय म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. थोड्या वेळानं तिथंच टॉवेल डोक्याखाली घेऊन झोपले. भर दुपारी, मोकळ्या तोंडानं, घोरत. आई त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारत बसली. आम्ही बहीणभाऊ दगडाच्या फटीतले खेकडे काढायचा प्रयत्न करत होतो. दुपार कशी गेली कळलं नाही. पाच वाजता वाळू उघडी पडली तेव्हा आईच म्हणाली, "बसा की वाईच. लगेच काय जायचं?"

दुसऱ्या दिवशी मासळी भरून निघालो. आई नाकाला पदर लावून घाट चढली.

दिवाळीच्या आत टेम्पो विकला. हौद्याचा वास तोवर गेला नव्हता, त्यापायी घेणाऱ्यानं भाव पाडला. आण्णा पुढं दुसऱ्याच्या गाडीवर पगारी डायव्हर झाले. मालक होते ते नोकर झाले, हे त्यांना लागलं. दोन वर्षं ते गावच्या पारावर बसले नाहीत. तरी विहिरीचं नाव निघालं की आईकडं बघून गप्प बसायचे. त्या दीड एकरात आज लिंबोणी आहे. विहीर अजूनही उन्हाळ्यात तळ गाठते, पण माझ्या दोन्ही पोरींची शिक्षणं तिच्यावरच झाली. आण्णा जाऊन नऊ वर्षं झाली. आई परत कधी समुद्रावर गेली नाही. जायचं म्हटलं की शेळ्या आड येतात.

भाच्यानं मोबाईल खिशात टाकला आणि म्हणाला, "आज्जे, सांग, करू का बुक? एक दिवस अलिबागला जाऊन येऊ."

आईनं लिंबं निवडता निवडता विचारलं, "भरती कवा हाय, त्ये इचार आधी."

"कशाला? भरतीच्या आधीच माघारी येऊ की."

"मंग कशाला जायचं?" आई म्हणाली, आणि डागी लिंबं बाजूला काढायला लागली.