चिंचोक्यांची लीग

लहानपणी तुम्ही कधी एखादा असा खेळ शोधून काढला होता का, की ज्याचा घराबाहेर कुणालाच पत्ता नव्हता? आमच्या घरी असा एक खेळ होता. त्याला आम्ही नुसतं 'लीग' म्हणायचो.

साल १९८३. मी दहा वर्षांचा, ताई चौदाची. आमचा गाव फोंडा तालुक्यातला. त्या वर्षी गोव्याने बंगालबरोबर संतोष ट्रॉफी वाटून घेतली आणि पुढच्या वर्षी तर एकट्याने जिंकली. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर म्हणजे आम्हा पोरांचा देवच. भात कापून झालं की शेतं मोकळी व्हायची, दोन्ही टोकांना दोन-दोन दगड ठेवले की झाला गोल. संध्याकाळी गावातले झाडून सगळे मुलगे तिथे. मुली मात्र नाहीत. तसा नियम कुणी केला नव्हता, म्हणून तो मोडायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

आमच्या सोप्यावरून ती शेतं दिसायची. ताई तिथे बसून तांदूळ निवडायची, नाहीतर अभ्यास करायची. मी चिखलाने माखून घरी आलो की तासभर तिला सामना ऐकवायचो. मी कसा पास दिला, मी कसा गोल अडवला. ती ऐकून घ्यायची.

एक दिवस तिने वही पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "आज माझा सामना ऐक."

वहीत आठ संघ होते. नावं मासळीची: इसवण, पापलेट, बांगडा, तारली, मुडदुशी, लेपो, मोरी आणि सुंगट. सुंगट हा मासा नव्हे अशी मी हरकत घेतली. ताईने प्रकरण बाबांकडे नेलं. हुमणात पडतं ते सगळं मासळीच, असा बाबांनी निवाडा दिला आणि सुंगटाला प्रवेश मिळाला.

सामना खेळायचा चिंचोक्यांवर. चिंचोका मधोमध फोडला की एक अंग तपकिरी, एक पांढरं. असे चार अर्धे चिंचोके प्रत्येक संघासाठी एकदा टाकायचे. जितके पांढरे वर, तितके गोल. एवढंच. पुढे कॉलेजात गेल्यावर मी गंमत म्हणून हिशेब केला. दोन्ही अंगं सारखीच पडतात असं धरलं तर २५६ पैकी ७० वेळा सामना बरोबरीत सुटतो, म्हणजे साधारण चारांत एकदा. खऱ्या फुटबॉलातही बरोबरीचं प्रमाण याच्या आसपासच असतं. ताईला गणितात कधी साठाच्या वर गुण पडले नाहीत, पण तिची लीग मात्र बरोबर बसली होती.

आठ संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकूण ५६ सामने. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक, तेव्हाच्या रीतीप्रमाणे. आठवड्याला चार सामने, पण सोमवारी आणि गुरुवारी नाही, कारण त्या दिवशी आमच्या घरात मासळी शिजत नसे. मोसम सुरू व्हायचा चवथीच्या गणपतीचं विसर्जन झाल्यावर आणि संपायचा नाताळाच्या सुमारास. श्रावणात तर लीगचं नावसुद्धा काढायचं नाही.

खेळाडूंना नावं नव्हती, पण पोटापाण्याचे धंदे होते. मोरीचा गोलरक्षक बसकंडक्टर, त्यामुळे चेंडू हातात आला की तो आधी सुटे आहेत का विचारायचा. तारलीचा कप्तान पोदेर, पहाटे तीनला उठणारा, म्हणून दुसऱ्या अर्ध्यात नेहमी पेंगुळलेला. लेपोचे अकराही जण सपाट पायांचे.

दर रविवारी ताई वहीच्या दुपानी कागदावर वर्तमानपत्र काढायची. निकाल, गुणतक्ता, अग्रलेख, 'वाचकांची पत्रे' आणि जाहिरातीसुद्धा. यातली एक गोष्ट गोव्याच्या वाचकांना वेगळी सांगायला नको. चिंचोके टाकताना आम्ही भांडायचो कोंकणीत, पण बातमी लिहायची ती शुद्ध मराठीत. घरी 'गोमंतक' यायचा, बातमीची भाषा आम्ही तिथूनच उचललेली. 'अटीतटीच्या लढतीत', 'प्रेक्षकांच्या अलोट गर्दीत' हे शब्द मी पहिल्यांदा लिहिलेले पाहिले ते ताईच्या अक्षरात.

माझा लाडका संघ बांगडा. तिसऱ्या मोसमात शेवटच्या सामन्यात बांगड्याची गाठ इसवणाशी पडली. जिंकलो तर अजिंक्यपद. इसवणाचे दोन पांढरे पडले. मी टाकले, माझेही दोनच. ताई पेन्सिल घ्यायला वळली आणि मी पायाच्या अंगठ्याने एक चिंचोका उलटवला. ३-२.

तिने वळून पाहिलं. "तुवें पांय लायलो न्हय?"

मी आईची शपथ घेतली. ती काही बोलली नाही, ३-२ लिहून मोकळी झाली. रविवारच्या अंकात पहिल्या पानावर बांगड्याच्या विजयाची बातमी होती, आणि खाली चौकटीत: 'सदर सामन्यासंबंधी आलेल्या तक्रारींची दखल घेऊन चौकशी समिती नेमण्यात आली असून अहवाल यथावकाश सादर होईल.'

अहवाल आला नाही. मी रोज वाट पाहिली. तिने मला मारलं असतं, बाबांना सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. आपल्याच मनातले संघ, आपल्याच परसातले चिंचोके. कुणाचं काय बिघडलं होतं? तरी ते अजिंक्यपद माझ्या घशाखाली उतरलं नाही. शेतातल्या खऱ्या सामन्यांत मी किती वेळा खोटं बोललो असेन, त्यातलं एकही आज आठवत नाही. हे मात्र आठवतं.

पुढे ताई कॉलेजला गेली, मग लग्न होऊन बेळगावला. लीग आपोआप बंद पडली.

बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं, की जॅक केरुआक या अमेरिकन कादंबरीकाराने लहानपणी अशीच बेसबॉलची काल्पनिक लीग रचली होती. संघांना मोटारगाड्यांची आणि रंगांची नावं, सामन्यांच्या नोंदी, हाताने लिहिलेली बातमीपत्रं. मोठेपणीही तो हा खेळ खेळत राहिला. ते कागद आता न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपून ठेवले आहेत आणि त्यांवर २००९ साली पुस्तकही निघालं. त्याच्या मोटारी, आमची मासळी. मला फार आनंद झाला, लगेच ताईला फोन लावला.

ती म्हणाली, "त्याला मैदानात खेळायला मिळायचं ना?"

मिळायचं. केरुआक शाळेत असताना फुटबॉल, म्हणजे त्यांचा अमेरिकन फुटबॉल, उत्तम खेळायचा. मी तसं सांगितलं.

"मग त्याचं वेगळं," ती म्हणाली. "तू रोज येऊन तुझं सांगायचास. मला पण काहीतरी सांगायला हवं होतं."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. १९८० च्या जानेवारीत भारताचा महिला संघ कालिकतला आशियाई स्पर्धेत उपविजेता ठरला होता. म्हणजे आमची लीग सुरू होण्याच्या तीन वर्षं आधीच या देशातल्या मुली खऱ्या मैदानावर खेळत होत्या. आमच्या घरात वर्तमानपत्र रोज यायचं, फुटबॉलवर रोज बोलणं व्हायचं, आणि ही गोष्ट ताईला कुणी सांगितली नाही. मीही एकदाही म्हटलं नाही, चल, आज एक गडी कमी आहे.

गेल्या चवथीला ती माहेरी आली होती. माटोळी बांधून झाल्यावर आम्ही सोप्यावर बसलो. शेतं पडीक आहेत, आता तिथे कुणीच खेळत नाही. मी चाळीस वर्षांनी कबूल केलं, चिंचोका मी उलटवला होता. इसवणाचं अजिंक्यपद इसवणाला द्यावं.

तिने चष्मा काढून पुसला. म्हणाली, "समितीचा अहवाल येऊ दे."