चहा नसलेला चहा

चहाला नाही म्हणणे ही सरकारी नोकरीतील एक अवघड गोष्ट आहे. फाईलला नाही म्हणता येते, बदलीच्या विनंतीला नाही म्हणता येते. परंतु समोरच्याने "चाय तो लीजिए" म्हणून पेला पुढे सरकवल्यावर नकार देणाऱ्याकडे लोक जरा संशयानेच पाहतात. लखनौला आल्यावर ही गोष्ट मला विशेष जाणवली. येथे दुधात उकळलेला, आल्याने झणझणीत केलेला चहा कुल्हडातून येतो, आणि तो नाकारणे म्हणजे त्यामागचे अगत्य नाकारणे होय. त्यामुळे मी स्वतः कधी चहा सोडण्याच्या भानगडीत पडलो नाही. हा प्रसंग आला तो आमच्या नानांवर.

नाना म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी. आई गेल्यावर वाईचे घर बंद करून मी त्यांना इकडे आणले. अंग धडधाकट, स्मरण शाबूत. परंतु येथे आल्यापासून त्यांची झोप हरवली. रात्री दोन वाजता बाहेरच्या खोलीत काठीचा आवाज येई. उठून पाहावे तो नाना खिडकीशी उभे. "काही नाही रे, तू झोप," म्हणत. दिवसभर खुर्चीत डुलक्या आणि मधून मधून चहा, असा त्यांचा क्रम होऊन बसला होता. डॉक्टरांनी नाडी, रक्तदाब सारे पाहिले आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, "चहा किती होतो?" नानांनी उत्तर दिले नाही, ते माझ्या पत्नीने दिले. दुपारी तीननंतर चहा बंद, असा हुकूम घेऊन आम्ही घरी परतलो.

हुकूम निराधार नव्हता. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्याच्या साचण्यानेच आपल्याला पेंग येते. कॅफिन त्या द्रव्याची जागा अडवून बसते. थकवा असतो तसाच राहतो, फक्त त्याची वर्दी पोचत नाही. प्यालेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात. कॉफीतून हे द्रव्य रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली वेगळे केले; पुढे चहात सापडले त्याला लोकांनी 'थेईन' असे निराळे नाव दिले होते, आणि मग ध्यानात आले की दोन्ही एकच. आपल्याकडचा दाणेदार चहा तर या कामी फारच तत्पर. १९३० च्या दशकात आसामात चहाची पाने चिरडून, फाडून, वळवून त्यांचे बारीक दाणे करणारे यंत्र निघाले. दाणा जितका बारीक तितका रंग लवकर आणि कॅफिनही लवकर. आमच्या नानांना चहा 'लाल' लागतो.

तीननंतरची पोकळी भरून काढण्यासाठी पत्नीने एक डबा आणला. त्यावर निळ्या रात्रीचे, चंद्रकोरीचे चित्र. कॅफिन नाही, मन शांत होते, वगैरे मजकूर. आणि ठळक अक्षरांत 'टी'. आत काय? कॅमोमाईलची फुले, गवती चहा, पुदिना, तुळस आणि थोडे ज्येष्ठमध. चहाचे पान एकही नाही! हा नुसता माझा खवचटपणा नव्हे. डिसेंबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच खुलासा काढला की, कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपापासून जे झाले नाही त्याला 'टी' म्हणू नये. आमचा डबा त्याच्या आधीचा, म्हणून त्याला माफी असावी. मात्र हा खुलासा वाचताना गवती चहाचे मला वाईट वाटले. मराठीत त्या गवताला पिढ्यान् पिढ्या चहा म्हणत आले आहेत. त्याने कुणाला फसवल्याचे ऐकिवात नाही.

कॅमोमाईल हे नाव परके वाटते, पण फूल येथे परके नाही. कुतूहल म्हणून मी चौकातल्या एका अत्ताराच्या दुकानी गेलो. लाकडी खणांची भिंत, पितळी तराजू, आणि गादीवर म्हातारे मियाँ. मी डब्यातले फूल कागदाच्या पुडीतून पुढे केले. त्यांनी ते चिमटीत चुरडले, हुंगले आणि म्हणाले, "बाबूना है साहब. नींद नहीं आती?" ज्या वस्तूवर चंद्रकोर छापून एवढा दर लावला होता ती युनानी हकिमांच्या खणात केव्हापासून पडून होती. कॅमोमाईल या शब्दाचा ग्रीक मूळ अर्थ 'जमिनीवरचे सफरचंद'. चुरडलेल्या फुलाला खरोखरच सफरचंदाचा पुसटसा वास येतो. मियाँच्या बोटांपाशी तो मला प्रथम आला.

त्या रात्री नऊ वाजता मी पेय सिद्ध केले. ते उकळायचे नसते. उकळून उतरवलेले पाणी वर ओतायचे आणि सहा-सात मिनिटे झाकून ठेवायचे. झाकण विसरले तर जे काही गुण आहेत ते वाफेबरोबर छताला जातात. रंग आला तो वाळक्या गवताचा, स्वच्छ पिवळा. पहिल्या घोटात काहीच लागले नाही, आणि चहाला सरावलेल्या जिभेची ही मोठीच फसगत होती. जीभ तुरटपणाची वाट पाहत राहते आणि तो येतच नाही. मग मागाहून पुदिन्याचा गारवा, त्यामागे फुलाचा किंचित कडवटपणा, आणि सगळे गिळून झाल्यावर ज्येष्ठमधाची एक चिवट गोडी, जी मला मुळीच आवडली नाही. तुळस नावापुरती. एकंदरीत पेय सभ्य होते.

नानांनी पेल्याकडे पाहून विचारले, "कोणाला बरे नाही?"

"तुमच्यासाठीच आहे. झोपेला बरे असते म्हणतात."

त्यांनी पेला नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. बराच वेळ. मग म्हणाले, "अरे, यात गवती चहा आहे. वाळवून पार जीव काढलाय त्याचा, पण आहे." एवढे बोलून ते प्याले. वाईला न्हाणीघराच्या सांडपाण्यावर आईने लावलेला गवती चहाचा बुंधा होता. "तुझी आई पाती कापायला गेली की दर वेळी बोट चिरून घ्यायची," ते म्हणाले, "कात्री घे म्हटले तर ऐकायची नाही." आई गेल्यापासून त्यांनी तिच्याविषयी आपण होऊन काढलेले हे पहिले वाक्य होते.

या पेयाने झोप येते का, हे मी सांगू शकत नाही. बाबूनातले एक द्रव्य, एपिजेनिन, प्रयोगशाळेत मेंदूच्या त्याच जागी चिकटलेले दिसते जिथे झोपेच्या गोळ्या काम करतात. परंतु पेलाभर पाण्यात ते कितीसे उतरणार? माणसांवरचे प्रयोगही लहान लहान, आणि त्यांचे निष्कर्ष संकोची. आमच्या घरी घडले ते असे : रात्री नऊला दोन पेले होऊ लागले, आणि नाना बोलू लागले. काठीचा आवाज पूर्वी रोज येई, तो आठवड्यातून दोनदा येऊ लागला. श्रेय तीननंतर बंद झालेल्या चहाचे असेल, बाबूनाचे असेल. मी ते वाटून देण्याच्या खटपटीत पडत नाही. एके रात्री मात्र त्यांनी पेला खाली ठेवून शांतपणे विचारले, "मला वाईला कधी सोडतोस?" त्या प्रश्नावर उतारा त्या डब्यात नव्हता. मी सेवानिवृत्तीची वर्षे मोजली, त्यांच्या वयाची मोजली, आणि म्हणालो, "उन्हाळ्यात जाऊ." ते नुसते "बरे" म्हणाले.

जानेवारीत पुण्याहून येणाऱ्या एका स्नेह्याने ओल्या फडक्यात गुंडाळून गवती चहाचा बुंधा आणला. लखनौची थंडी त्याला मानवली नाही. आठवड्यात शेंडे तांबूस पडले. नाना रोज सकाळी कुंडीपाशी खुर्ची टाकून बसत आणि कुंडी उन्हामागे सरकवीत. मार्चमध्ये मधून तीन हिरवी पाती वर आली. एका दुपारी त्यांनी ती कात्रीने कापली, गाठ मारली, आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "हे पाण्यात टाक. आले नको, ते इकडचे लोक घालतात. दूध घाल, साखर घाल, आणि चमचाभर चहा. नुसत्या गवताचे पाणी गुरांना."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. मी आधण ठेवले आणि चहाचा डबा खाली काढला.