भिंतीवरचा मजकूर

सातपूर एमआयडीसीत एखाद्या कंपनीची भिंत लिहायला घेतली की मी मजकुराच्या आधी रस्ता बघतो. इथून माणसं चालत जातात की गाडीवर, आणि कुठल्या बाजूने येतात, यावर अक्षराची उंची ठरते. पहिल्या पाळीला निघालेला कामगार मोटारसायकलवर असतो. भिंतीचे दोन-चार शब्द त्याच्या नजरेत मावतात, पुढचे मागे पडतात. त्र्यंबक रस्त्याचं निराळं. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या तिथून पायी जातात. वारकरी सावकाश चालतो, पूर्ण वाक्य वाचतो.

पुस्तक माणूस आपणहून उघडतो. भिंत मात्र न विचारता समोर येते, म्हणून लिहिणाऱ्यावर जबाबदारी अधिक. वाचता येईल असं लिहिणं हा तिचा पहिला भाग, आणि देवनागरीत तेवढंही सोपं नाही. इंग्रजीच्या कॅपिटल अक्षरांना दोरीच्या दोन रेषा पुरतात. ‘मूर्ती’ लिहायचं तर वर वेलांटी आणि रफार, खाली दीर्घ उकार. चार रेषा आखल्याशिवाय शब्द बसत नाही. दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, अशी दुरुस्ती राज्याने २०२२ साली कायद्यात केली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. नियम योग्यच आहे. पण वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत फूटपट्टी लावली, तर उंची भरते आणि अक्षराचं अंग बारीकच राहतं. माप शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

कमल शेडगे यांनी नाटकांची शीर्षकं लिहिली. त्यांच्या अक्षरांवरूनच नाटक हसवणारं की गंभीर, ते कळायचं. मी ती अक्षरं जाहिरातींतून बघून बघून गिरवली आहेत. तरी ‘धोका’ लिहिताना तो मोह बाजूला ठेवतो. तिथे अक्षराने अभिनय करायचा नसतो. जाड, सरळ, पिवळ्यावर काळं लिहायचं.

जबाबदारीचा दुसरा भाग अवघड आहे. जेनी होल्झर या अमेरिकन कलावतीने १९७७ पासून न्यूयॉर्कच्या भिंतींवर एकेका ओळीची विधानं छापलेले कागद चिकटवले, खाली नाव न घालता. १९८२ मध्ये तीच विधानं टाइम्स स्क्वेअरच्या दिव्यांच्या फलकावर झळकली. वाचणाऱ्याला प्रश्न पडावा, हे कोण बोलतंय? तिच्या कलेचं बळ त्या प्रश्नात आहे. कारखान्याच्या भिंतीवर हाच प्रश्न उभा राहिला की माझं काम वाया जातं. ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन जवळ आला की घोषवाक्यांची कामं येतात. ‘सुरक्षा प्रथम’ मी अनेक भिंतींवर लिहिलं आहे. ते खरं असेल तिथे कामगार त्याकडे बघतो. नसेल तिथे रंग वाळायच्या आतच ते त्याच्यापुरतं पुसलेलं असतं.

याच भिंतींवर मला सर्वांत मोलाचा वाटणारा मजकूर म्हणजे गेटजवळचा अपघातविरहित दिवसांचा फलक. अक्षरं मी ऑइल पेंटने लिहितो आणि आकड्यासाठी काळी चौकट कोरी सोडतो. तो आकडा कोणीतरी रोज खडूने बदलतो. अपघात झाला तर त्याच हाताने शून्य लिहावं लागतं, सगळ्यांच्या देखत. म्हणून कामगार तो फलक वाचतात. ही चौकट मी नेहमी हात उंचावला की पोचेल एवढ्याच उंचीवर घेतो, म्हणजे शिडी नव्हती ही सबब कोणाला राहत नाही.

कारखानदारांना एवढीच विनंती: येत्या ४ मार्चला नवं घोषवाक्य लिहून घेण्याआधी स्वतः गेटवर जा आणि त्या चौकटीतला आकडा आजचा आहे का, ते बघा.