मांजरांनी उकरलेलं उळं

आजची नोंद खतपाण्याची नाही, मांजरांची आहे. हसू नका. ज्याचं उळं उकरलं गेलंय त्याला विचारा.

दिवाळी झाल्यावर घरामागच्या तुकड्यात उन्हाळ कांद्याचं उळं टाकलं. चौदा गादीवाफे, मीटरभर रुंद. माती भुसभुशीत केलेली, वर चाळलेलं शेणखत. चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर तीन वाफ्यांत उकराउकर. बी वर आलेलं, ओळी मोडलेल्या. आधी वाटलं कुत्रं असेल. पण कुत्रं उकरून तसंच सोडून जातं. इथं खड्डे परत बुजवलेले आणि खाली घाण. वाफ्याच्या कडेला ओलीत गोल पावलं उमटलेली, नखांची खूण नाही. मांजर नखं आत ओढून चालतं, कुत्र्याची नखं मातीत उमटतात. म्हणजे शेजारच्या आक्कांची मांजरं. दोन मांजरी आणि एक बोका.

कांद्याचं बी काय भावानं मिळतं ते तुम्हाला सांगायला नको. त्यात पलीकडच्या दोन वाफ्यांत घरच्यापुरती मेथी-कोथिंबीर, आणि लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिच्यासाठी रोज तिथली ताजी भाजी. डोकं फिरलं. बांधावरून आक्कांना बोललो, जरा जास्तच बोललो. आक्का म्हणाल्या, "अरे, मी काय त्यांना दावं बांधू? आणि तुझ्या धान्याच्या खोलीतले उंदीर कोण खातं रे?" उत्तर सुचलं नाही म्हणून मी आवाज चढवला. त्या दिवसापासून बोलणं बंद.

संध्याकाळी पारावर एकानं सल्ला दिला. "सुक्या बोंबलाला औषध लाव आणि ठेव बांधावर. कुणाला कळतंय?" खोटं कशाला सांगू, त्या रात्री मी औषधाच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. कोपऱ्यात फोरेटचा जुना अर्धा पुडा होता. या औषधावर २०२० च्या अखेरीपासून पूर्ण बंदी आहे, तरी असे पुडे बऱ्याच जणांच्या घरात पडून आहेत. पुडा बघितला आणि आमचा राजा आठवला. काही वर्षांपूर्वी उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचं आमिष मी आळस करून बिळात न घालता उघड्यावर ठेवलं होतं. ते राजानं खाल्लं. त्या विषावर उतारा नाही. रात्रभर तो अंगणात तडफडत होता आणि मी नुसता बघत होतो. विष ठेवणाऱ्याला वाटतं ते नेम धरून जातं. पण ते कुत्रं खातं, कोंबडी खाते. मेलेलं जनावर घार-कावळे खातात. आणि घराशेजारी लहान लेकरू असलं तर पुढचं बोलायलाच नको.

कायद्याचंही सांगतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे, त्यात जनावराला मुद्दाम अपायकारक पदार्थ देणं हा गुन्हा आहे. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये जनावर मारलं, विष घातलं किंवा जायबंदी केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि कुंपणात थेट लाईनचा करंट सोडायचा विचारही नको. त्यानं आपल्याच भागात माणसं गेली आहेत.

पुडा तिथंच ठेवला आणि झोपलो. सकाळी विचार केला, आपण मेळाव्यात ऐकतो ना, कीड ओळखल्याशिवाय, तिचं वागणं बघितल्याशिवाय फवारणी नको? मग इथं का नाही? दोन पहाटे बॅटरी घेऊन ओट्यावर बसलो. मांजरं साडेचारच्या सुमाराला आक्कांच्या बाजूनं, कुंपणाच्या एकाच फटीतून आली. सगळ्या वाफ्यांवरून फिरली, पण उकरलं फक्त कोरड्या वाफ्यांत. तोटीजवळचे ओले वाफे सोडले. ज्यावर जुनी शेडनेट टाकली होती तोही सोडला. म्हणजे त्यांचं माझ्याशी वैर नव्हतं. त्यांना कोरडी, भुसभुशीत, उघडी माती हवी होती आणि आख्ख्या वस्तीत तशी माती मीच तयार करून ठेवली होती.

मग असे उपाय केले :

१. पाण्याची वेळ बदलली. सकाळचं हलकं पाणी संध्याकाळी द्यायला लागलो, म्हणजे पहाटे वरचा थर ओलसर राहतो. पण कांद्याच्या रोपाला रात्रभर चिखल चालत नाही, मर लागते. म्हणून झारीनं थोडंच.

२. बांबूच्या कामट्यांच्या कमानी करून शेडनेट टाकली. इथं माझी चूक झाली. उगवण झाल्यावरही भीतीनं नेट काढली नाही. रोपं पिवळी, लांबट झाली, एका कोपऱ्यात मर दिसली. उगवण झाली की नेट काढा. आणि जाळी कोणतीही असो, ताणून बांधा. ढिल्या नायलॉनच्या जाळीत मांजर अडकतं, सापही अडकतो.

३. नेट काढल्यावर तुराट्या कापून वीतभर अंतरानं उभ्या खोचल्या. मांजराला बसायला, वळायला जागा लागते, ती मिळाली नाही की पुढं जातं. टोकं बोथट ठेवली, बाभळीचे काटे वापरले नाहीत. खुरपायला आपणच बसणार आहोत.

४. मेथीच्या वाफ्यात पेरल्याबरोबर कोंबड्यांच्या खुराड्याची तारेची जाळी आडवी अंथरली. उगवण झाली की अलगद उचलायची. पानांनी माती झाकली की मांजर तिथं जात नाही.

डांबरगोळ्या, फिनाईल, निलगिरीचं तेल यातलं काही टाकलं नाही. मांजर त्यावरून चालतं आणि मग पंजे चाटतं. असले पदार्थ पचवायची ताकद त्याच्या यकृतात फार कमी असते. आणि डांबरगोळी भाजीच्या मातीत कशाला हवी? पोत्यात भरून लांब सोडून येणं हाही उपाय नाही. मागं पिल्लं असतील तर ती उपाशी मरतात, आणि रिकामी जागा दुसरी मांजरं धरतात.

एवढं करून उकराउकर बरीच कमी झाली, पण थांबली नाही. कारण उघड होतं. इथून हाकललं तर जायचं कुठं? त्यासाठी आक्कांकडं जाणं भाग होतं.

गेलो. आधी चुकलो म्हणालो. आक्कांनी काही न बोलता चहा टाकला. मग लेकीचं सांगितलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो. गरोदरपणात पहिल्यांदा लागण झाली तर पोटातल्या बाळाला धोका असतो. ताज्या विष्ठेत तो लगेच लागण करत नाही, त्याला साधारण एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज उचलायची, हातमोजे घालून. लेकीनं मातीत हात घालायचा नाही आणि पालेभाजी चांगली धुऊन, शिजवूनच खायची. मांजरं घरातून काढा असं त्या म्हणाल्या नव्हत्या.

आक्कांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "हे त्या दिवशीच असं सांगितलं असतंस तर?"

त्यांच्या गोठ्यामागं कुंपणालगत दोन पाट्या कोरडी वाळू टाकली. वर जुना पत्रा तिरपा ठेवला, पावसापुरता. चार दिवसांत मांजरं तिथं जायला लागली. आक्का रोज सकाळी घाण काढून विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात पुरतात. ती कंपोस्टमध्ये टाकत नाही. दोन्ही मांजरींची नसबंदी करायचीही ठरली. मांजर साधारण दोन महिन्यांत वितं, आज तीन आहेत ती वर्षाच्या आत किती होतील याचा हिशोब करा. पशुवैद्यकांशी बोललोय, खर्च निम्मा निम्मा.

हिशोब : तीन वाफे परत टाकावे लागले, तेवढं रोप मागं पडलं. कामट्या, तुराट्या घरच्याच, जाळी जुनी, वाळू बांधकामातली उरलेली. फोरेटचा पुडा मात्र अजून आहे. तो नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकायचा नाही, म्हणून कुलपात ठेवून कृषी सहायकांना कळवलंय.

काल रात्री धान्याच्या खोलीत खुडबुड झाली. बघितलं तर आक्कांचा बोका तोंडात उंदीर धरून बसलेला. त्याला हाकललं नाही.

तुमच्याकडं काय करता ते लिहा. विषाचा उपाय मात्र कुणी सांगू नका.